परवडणारी गाडी : नित्य प्रवासाच्या मोटारीची निवड आणि तिची भाषा

रोज पन्नास-साठ किलोमीटर जाऊन तितकेच परत यावयाचे असेल तर कोणती मोटार घ्यावी, हा प्रश्न सकृद्दर्शनी बाजाराचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही दिसत नाही. तथापि हा प्रश्न महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाने गेल्या सत्तर वर्षांत ज्या शब्दांत विचारला, ते शब्द एकत्र मांडून पाहिले म्हणजे असे आढळते की, प्रत्येक कालखंडात प्रश्न तोच असला तरी त्याचा अर्थ निराळा होता. 'परवडणारी' आणि 'भरवशाची' ही दोन विशेषणे कायम राहिली; त्यांच्या पोटातील आशय मात्र तीन-चार वेळा पालटला. हा पालट कोणत्या कारणांनी झाला आणि जुन्या काळाची कोणती मापे आजच्या ग्राहकाच्या बोलण्यात अद्याप वावरत आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. घराच्या खालोखाल कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च बहुधा मोटारीवर होतो, आणि तो करताना चुकीचे माप हाती असेल तर त्याची किंमत दरमहा मोजावी लागते.

१. 'अप-डाउन' आणि मोटार

नित्य प्रवासासाठी मराठीत रूढ असलेला शब्द 'अप-डाउन' हा आहे. 'ते नाशिकहून अप-डाउन करतात' असे आपण सहज म्हणतो. हा शब्द रेल्वेच्या वेळापत्रकातून आला हे उघड आहे. आणि तो रेल्वेतून यावा हेही स्वाभाविक होते. १ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान 'दख्खनची राणी' धावू लागली, आणि पुढील काळात पासधारकांचा एक वर्गच या मार्गावर निर्माण झाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. दूरच्या नोकरीला जाणाराचे वाहन म्हणजे आगगाडी किंवा एस. टी., आणि गावातल्या गावात सायकल, ही व्यवस्था पुढील दोन-तीन दशके टिकून होती. मोटार ही डॉक्टर, वकील, कारखानदार आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यापुरती मर्यादित होती.

ही व्यवस्था ढिली होण्याचे एक मोठे कारण कारखान्यांचे स्थलांतर हे होय. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि औद्योगिक वसाहती शहरांच्या कडेला, क्रमाने शहरांपासून दूर उभ्या राहू लागल्या. पिंपरी-चिंचवड, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, पुढे चाकण आणि रांजणगाव ही नावे पाहिली तर नोकरीचे ठिकाण घरापासून कसे लांब सरकत गेले याचा आलेखच मिळतो. मुलांच्या शाळेसाठी घर शहरात ठेवावयाचे आणि नोकरी पन्नास किलोमीटरांवर करावयाची, ही जीवनपद्धती त्यातून निर्माण झाली. जिथे आगगाडी जात नाही आणि पाळीच्या वेळेला एस. टी. नाही, तिथे स्वतःचे वाहन ही चैन राहिली नाही. ते नोकरीचे साधन झाले. 'अप-डाउन' हा रेल्वेचा शब्द मोटारीला लागू झाला तो या परिस्थितीत. शब्दाने रूळ सोडले, पण रोजच्या ये-जा करण्यातील अपरिहार्यता त्याने बरोबर आणली.

२. 'नंबर लावणे' : टंचाईचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळातील मोटारीच्या निवडीविषयी बोलताना प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, निवड हा शब्दच तेथे फारसा लागू पडत नाही. पूर्ण बांधणीच्या परदेशी मोटारींची आयात १९४९ पासून बंद झाली. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनुसार, ज्यांच्यापाशी देशातच भाग तयार करण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना येथे राहण्यास वाव मिळाला. केवळ जुळणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्यांनी त्यानंतर येथील काम आटोपते घेतले. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली व कुर्ल्याला कारखाना असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स 'फियाट' बनवीत असे. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५७ मध्ये, ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून, 'ॲम्बॅसेडर' बाजारात आणली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून 'हेरल्ड' दिली. १९७० च्या दशकात साऱ्या देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन पन्नास हजारांच्याही खाली होते. विक्री व वाटपावर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले होते, आणि किमतींवरील नियंत्रणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या परिस्थितीचे नेमके वर्णन करणारा मराठी वाक्प्रचार 'नंबर लावणे' हा आहे. मोटार विकत घेतली जात नसे. तिच्यासाठी नंबर लावला जात असे, आणि काही वर्षांनी 'नंबर लागला' म्हणजे पेढे वाटले जात. स्कूटर, दूरध्वनी आणि स्वयंपाकाचा गॅस यांनाही हीच क्रियापदे लागू होती. 'लावणे' आणि 'लागणे' या दोन क्रियापदांमधील अंतर म्हणजेच त्या काळातील ग्राहकाचे आयुष्य होते, असे म्हणावयास हरकत नाही. फियाटला मागणी अधिक व पुरवठा अपुरा असल्याने, हातात आलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून अधिक भावाने विकली जाई. ज्या बाजारात जुनी वस्तू नव्यापेक्षा महाग असते, तेथे 'परवडते काय' या प्रश्नाचा अर्थ 'मिळते काय' असाच होतो.

'भरवशाची' या विशेषणाचा अर्थही या काळात आजच्याहून निराळा होता. भरवशाची गाडी म्हणजे बंद न पडणारी गाडी नव्हे, तर बंद पडली तरी कोठेही दुरुस्त होणारी गाडी. ॲम्बॅसेडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे आणि फियाटचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीला पाठ असे. कार्बोरेटर उघडून साफ करणे, पॉइंट घासणे, पंख्याचा पट्टा बदलणे ही कामे रस्त्याच्या कडेला होत. बोरघाट चढताना गाडी 'उकळणे' ही दुर्घटना समजली जात नसे. पाण्याचा डबा बरोबर असणे हा प्रवासाचा भाग होता. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला मिळत; नवे न मिळाले तर जुने मिळत. यंत्राचा आराखडा वर्षानुवर्षे बदलला नाही याबद्दल या कंपन्यांवर यथार्थ टीका झाली. परंतु न बदलण्यामुळेच दुरुस्तीचे ज्ञान सर्वदूर पसरले, ही त्याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू आहे. रोज लांबचा प्रवास करणाराला या ज्ञानाचा आधार यंत्राच्या गुणवत्तेपेक्षा अधिक होता.

टंचाईच्या या काळात स्वस्त मोटारीची कल्पना मात्र विझली नव्हती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून लहान मोटारीचे नमुने स्वतः तयार केले. 'मीरा' या नावाने ओळखली जाणारी ही गाडी १९७० च्या दशकापर्यंत सुधारत गेली. पण मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची वाट तिला मिळाली नाही. मीरेच्या इतिहासातून हे दिसते की, सामान्य कुटुंबाला परवडणारी मोटार ही गरज महाराष्ट्रातील एका उद्योगी गावातील माणसाने वेळेवर ओळखली होती. अडले ते यंत्रावर नव्हे, परवान्यावर आणि भांडवलावर.

३. 'ॲव्हरेज'

१९७३ च्या अखेरीस खनिज तेलाच्या जागतिक किमती भडकल्या. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरांच्या घरात गेला. मोटार मिळणे ही जी एकमेव अडचण होती, तिच्या जोडीला मोटार चालविणे ही दुसरी अडचण उभी राहिली. 'ही गाडी पेट्रोल किती खाते?' हा प्रश्न त्यानंतरच्या काळात मोटारीच्या निवडीत मध्यवर्ती झाला.

याच प्रश्नाला मराठीत 'ॲव्हरेज' हे नाव मिळाले. भाषेच्या अभ्यासकाला हा शब्द अनेक दृष्टींनी उद्बोधक आहे. मुळात तो विशेषण. इंधनामागे पडणाऱ्या सरासरी अंतराचे वर्णन करणारा. विशेष्य गळून पडले आणि विशेषणच नाम होऊन बसले. 'सरासरी' हा पर्याय मराठीत असतानाही 'या गाडीची सरासरी किती' असे कोणी म्हणत नाही. कारण 'ॲव्हरेज'चा अर्थ आता सरासरी असा राहिलेलाच नाही. त्याहून लक्षणीय आहे ते त्याच्यासोबत येणारे क्रियापद. गाडी ॲव्हरेज 'देते'. जनावर दूध देते, झाड फळ देते, शेत पीक देते, त्याच मालिकेत गाडी ॲव्हरेज देते. आणि तिच्या खाण्याविषयीही आपण तशाच गोठ्यातल्या भाषेत बोलतो. 'खाते किती आणि देते किती' हा हिशेब शेतकरी कुटुंबाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीचा आहे. नवे यंत्र घरात आले तेव्हा त्याला मोजण्यासाठी जुने परिमाण हाताशी होते, ते वापरले गेले.

'मायलेज' हा दुसरा शब्द त्याहून जुन्या काळाची खूण आहे. दशमान मापनाचा कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि पुढील काही वर्षांत मैल आणि गॅलन व्यवहारातून गेले. गॅलनला तीस मैल म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटरांहून किंचित अधिक, असे रूपांतर एका पिढीने तोंडपाठ केले. अंतर किलोमीटरांत मोजले जाऊ लागले, पण त्याचे नाव 'मायलेज'च राहिले. माप बदलले तरी मापाचा सांगाडा तोच राहिला, हे येथे ध्यानात ठेवावयाचे. एका ठरावीक इंधनात किती अंतर, अशीच मांडणी आधीही होती आणि नंतरही राहिली. या सांगाड्याचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

'ॲव्हरेज'ला खरा अर्थ आला तो १९८३ मध्ये. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० या मोटारीच्या पहिल्या चाव्या दिल्लीत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आल्या. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने तयार झालेल्या या गाडीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, म्हणजे ॲम्बॅसेडरच्या इंजिनाच्या जवळजवळ निम्म्या आकाराचे होते. ती हलकी होती, पुढील चाकांवर चालणारी होती आणि जुन्या गाड्यांच्या तुलनेने एका लिटरमध्ये कितीतरी अधिक अंतर जात होती. परंतु नित्य प्रवाशाच्या दृष्टीने तिचे याहून मोठे वैशिष्ट्य हे की, सकाळी ती सुरू होत असे. 'भरवशाची' या विशेषणाचा नवा अर्थ, म्हणजे बंदच न पडणारी, सामान्य ग्राहकाच्या परिचयाचा झाला तो येथून. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला यंत्राविषयीची ही निर्धास्तता नवीन होती. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवाना पद्धती उठली, मागोमाग बँकांची वाहनकर्जे सुलभ झाली, आणि 'नंबर लावणे' हा वाक्प्रचार निदान मोटारीपुरता इतिहासजमा झाला.

त्याच्या जागी 'हप्ता' आला. हा शब्द मूळ फारसीतील 'हफ्ता', म्हणजे सात दिवसांचा काळ. आपल्याकडे मात्र तो महिन्याच्या महिन्याला येतो. टंचाईच्या काळात ग्राहक पैसे साठवून गाडीची वाट पाहात असे. आता गाडी आधी येते आणि पैशाची वाट पाहिली जाते. 'परवडते काय' या प्रश्नाचा अर्थ 'हप्ता बसतो काय' असा झाला, आणि चालविण्याच्या खर्चाचा विचार बऱ्याच वेळा त्याच्या सावलीत गेला.

४. डिझेल की पेट्रोल

१९९८ च्या अखेरीस टाटांची 'इंडिका' पुण्यातून बाजारात आली. लहान कुटुंबासाठी असलेली ही गाडी डिझेलवरही मिळत होती, आणि त्यायोगे रोज लांब जाणाऱ्या नोकरदाराच्या हिशेबात एक नवे पद आले. यानंतरच्या दोन दशकांत 'डिझेल की पेट्रोल' हा वाद घरोघर झाला. फियाटच्या आराखड्यावर तयार झालेले १२४८ घन सेंटिमीटरचे एकच डिझेल इंजिन या काळात फियाट, मारुती आणि टाटा या तिन्ही नावांच्या गाड्यांत बसत होते. पुण्याजवळ रांजणगाव येथेही ते बनत असे. ग्राहक निरनिराळ्या कंपन्यांची तुलना करीत होता, आणि झाकणाखाली यंत्र एकच होते.

डिझेलचा लाभ यंत्रात कमी आणि किमतीच्या धोरणात अधिक होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला. डिझेलचा मात्र नियंत्रित राहिला. परिणामी मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये आणि डिझेल सुमारे ४१ रुपये होते. समजा, पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलची २० किलोमीटर जाते, आणि डिझेलच्या गाडीला एक लाख रुपये अधिक पडतात. किलोमीटरमागे पेट्रोलचा खर्च ४ रुपये ८७ पैसे आणि डिझेलचा २ रुपये ५ पैसे. म्हणजे सुमारे साडेपस्तीस हजार किलोमीटरांत जादा लाख रुपये वसूल. वर्षाला तीस हजार किलोमीटर जाणाराला यासाठी चौदा महिने पुरत. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाराला सहा वर्षे लागत. तथापि त्या वर्षांत डिझेलची गाडी दोघांनीही घेतली. २०१२-१३ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक वाहने डिझेलची होती. नित्य प्रवाशाच्या गरजेतून निघालेला हिशेब सर्वांचाच आडाखा होऊन बसला.

आडाख्याचा पाया ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकला. डिझेलचा भाव नियंत्रणमुक्त झाला तेव्हा दिल्लीत दोन्ही इंधनांतील फरक अकरा रुपयांच्या आसपास उरला होता. वरच्याच दोन गाड्या त्या महिन्याच्या भावाने तपासल्या तर लाख रुपये वसूल होण्यास सुमारे साठ हजार किलोमीटर लागतात. नित्य प्रवाशाला दोन वर्षे. हौशी प्रवाशाला दहा. गाडी तीच, ॲव्हरेज तेच. परवडणे मात्र बदलले. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुरावरील निर्बंधांची सहावी पायरी लागू झाली. तिच्या अटींत बसणारे लहान डिझेल इंजिन महाग पडू लागले, आणि मारुतीसारख्या कंपनीने डिझेलच्या गाड्या बनविणेच थांबविले. नव्या डिझेल इंजिनांत धूर गाळणारी जी चाळणी असते, ती स्वच्छ राहण्यास मधूनमधून सलग वेगाचा प्रवास आवश्यक असतो. शहरातल्या शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत ती तुंबते. येथेही लांबच्या आणि जवळच्या प्रवाशाचे हित भिन्न ठरते.

या कालखंडातून निघणारा निष्कर्ष असा की, गाडीची परवड हा केवळ तिच्या अंगचा गुण नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. इंधनावरील कर, अनुदान आणि धुराचे नियम यांचे आयुष्य त्याहून पुष्कळ कमी असते. ज्याने एका वर्षाच्या भावावर विसंबून गाडी घेतली, त्याला उरलेली वर्षे दुसऱ्याच भावात काढावी लागतात.

५. मापाचा दोष

आता 'ॲव्हरेज'च्या सांगाड्याकडे पुन्हा वळावयाचे. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, ही मांडणी ऐकावयास सोयीची असली तरी हिशेबात ती फसवते. रोज जाऊन-येऊन १२० किलोमीटर आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला यासाठी २,५०० लिटर लागतात. १५ जाणारीला २,००० लिटर. बचत ५०० लिटरांची. आता २० जाणारी गाडी पाहा : तिला १,५०० लिटर लागतात, २५ जाणारीला १,२०० लिटर. बचत ३०० लिटरांचीच. कानाला पहिला फरक तीनाचा आणि दुसरा पाचाचा वाटतो. खिशाला मात्र पहिला मोठा आहे. लिटरला शंभर रुपये धरले तर एक वर्षाला पन्नास हजारांचा आणि दुसरा तीस हजारांचा. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेत 'सायन्स' या नियतकालिकातून हाच भ्रम दाखवून दिला होता. तेथे मैल आणि गॅलन होते, इतकाच फरक. युरोपातील अनेक देशांत शंभर किलोमीटरला किती लिटर, अशी उलट मांडणी रूढ आहे. तिच्यात हा भ्रम उत्पन्न होत नाही, कारण तेथे गाडी काय 'देते' हे न विचारता ती काय 'खाते' हे विचारले जाते. आपल्या भाषेत दोन्ही क्रियापदे होती. आपण हिशेबासाठी त्यांतील गैरसोयीचे निवडले.

दुसरा दोष असा की, जाहिरातीतील आकडा आणि रस्त्यावरील आकडा एक नसतो. प्रमाणित आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून, ठरावीक वेगांच्या क्रमाने काढला जातो. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था ही अशा चाचणीची देशातील प्रमुख जागा आहे. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास उपयोगी पडतो. महिन्याच्या खर्चाचा अंदाज करण्यास नव्हे. रोलरला घाट नसतो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. २००२ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने वेळ वाचविला. तो वाचलेला वेळ इंधनाच्या टाकीतूनही वसूल होतो, हे नित्य प्रवासी टाकी काठोकाठ भरून दोन भरण्यांमधील अंतर मोजतो तेव्हा त्याच्या प्रत्ययास येते. घरचा ॲव्हरेज काढण्याची ही जुनी रीत आजही कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वसनीय आहे.

तिसरा दोष आज अधिक जाणवतो. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या गाडीचे इंधन लिटरांत नव्हे, किलोत विकले जाते. 'किलोला सव्वीस' आणि 'लिटरला वीस' हे आकडे शेजारी ठेवून तुलना केली जाते. पण एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, आणि दोहोंचे भावही भिन्न. विजेच्या गाडीत लिटरही नाही आणि किलोही नाही. तेथे 'एका चार्जमध्ये किती जाते' असे विचारले जाते; म्हणजे टाकीच्या आकाराला ॲव्हरेज समजण्यासारखे हे आहे. शिवाय २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण सर्वत्र आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे आजच्या लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी आहे. लिटर हे मापही आता पूर्वीचे लिटर राहिलेले नाही.

या सर्व इंधनांना समान असे एकच एकक उरते, आणि ते म्हणजे किलोमीटरमागे रुपये. त्यात इंधनाबरोबर घसारा, व्याज, विमा, टायर, देखभाल आणि पथकर ही सर्व पदे धरावयास हवीत. असा हिशेब मांडला म्हणजे नित्य प्रवाशाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट होते. वर्षाला सहा हजार किलोमीटर जाणाराचा बहुतेक खर्च गाडी उभी असतानाच होतो, त्यामुळे त्याने खरेदीच्या किमतीकडे पाहावे. वर्षाला तीस हजार जाणाराचा खर्च मुख्यतः चाके फिरताना होतो, त्यामुळे त्याने इंधन आणि देखभाल यांकडे पाहावे. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या उपयोगाचा नसतो. आणि तरीही गाडी घेताना आपण बहुधा शेजाऱ्यालाच विचारतो.

६. उपसंहार

या इतिहासाचे सार थोडक्यात असे मांडता येईल. पहिल्या काळात परवडणे म्हणजे मिळणे होते, आणि भरवसा म्हणजे दुरुस्ती. दुसऱ्या काळात परवडणे म्हणजे कमी खाणे, आणि भरवसा म्हणजे बंद न पडणे. तिसऱ्या काळात परवडणे शासनाच्या इंधनधोरणावर अवलंबून राहिले. आज गाडी सहज मिळते, सहसा बंद पडत नाही, आणि इंधनेही निवडीला अनेक आहेत. निवड प्रथमच खऱ्या अर्थाने ग्राहकाच्या हाती आली आहे. मात्र ती करताना त्याच्या तोंडी असलेला शब्द दुसऱ्या काळातला आहे.

यातून नित्य प्रवाशासाठी व्यवहाराचे तीन नियम निघतात. एक, गाडी पाहण्यापूर्वी स्वतःचे वर्षाचे अंतर मोजावे. कारण गाडी परवडते किंवा नाही हे गाडीवर नव्हे, त्या अंतरावर ठरते. दोन, इंधनांची तुलना किलोमीटरमागील रुपयांत करावी, आणि ती आजच्या भावावर केल्यानंतर भावातील फरक निम्म्यावर आला असे समजून पुन्हा करावी. दुसऱ्या वेळीही जी गाडी परवडते, तीच परवडणारी. तीन, दुरुस्तीची सोय घर आणि नोकरी यांच्यामधील रस्त्यावर आहे काय, हे पाहावे. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत पुरी करून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाड्यांच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण त्यांच्याभोवती मिस्त्री, सुटे भाग आणि अनुभव यांचे जे जाळे उभे राहिले होते, त्याचे मोल कोणत्याही ॲव्हरेजमध्ये धरले गेले नाही. आजच्या गाडीचे बिघाड संगणक जोडल्याशिवाय कळत नाहीत, आणि तो संगणक प्रत्येक तालुक्याला असतोच असे नाही. पहाटेच्या पाळीला साठ किलोमीटरांवर पोहोचावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने एका बुडालेल्या दिवसाची किंमत लिटरामागील एखाद्या किलोमीटरपेक्षा फार मोठी आहे.

शब्द बदलणे कोणाच्या हाती नसते, आणि 'ॲव्हरेज' हा शब्द मराठीतून जावा असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तो कोणत्या टंचाईतून जन्मला आणि कोठवर पुरतो, एवढे ओळखले म्हणजे पुरे. गाडी किती देते हे अवश्य विचारावे. मात्र त्यापूर्वी ती वर्षाकाठी आपल्याकडून किती घेणार, हा प्रश्न विचारलेला असावा.